जीपच्या पाठीवरची स्टेपनी

जीपच्या पाठीवर एक जादा चाक असते. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. हे नाव आले कुठून? १९०४ साली वेल्समधील लानेली गावात असे जादा चाक निघाले. ते स्टेपनी नावाच्या रस्त्यावर बनत असे. रस्त्याचे नाव चाकाला चिकटले.

चाक मागेच का? गाडीच्या पोटाखाली त्याला दगड-चिखल लागतो. पंक्चर झाली, की चिखलात आडवे पडून ते काढावे लागते. टपावर ठेवले तर वजन उंचावर जाते. मग उतारावर गाडी कलंडायचं भय. मागे ते हाताशी राहते.

पण चाक जड असते. वीस-तीस किलो सहज भरते. नुसत्या पत्र्यावर ते बसवू नये. दर खड्ड्याला हिसका बसतो. पत्रा फाटतो, दाराची बिजागरी झुकते. म्हणून जाड लोखंडी आधार हवा. नट समोरासमोरचे आवळावेत. थोडी वाट चालून पुन्हा आवळावेत. नंबरची पाटी व मागचे दिवे झाकू नयेत.

आम्ही एकदा घाटात पाहिले. चढणीला जीपची स्टेपनी सुटली अन् गडगडत खाली आली. मागून सायकल ढकलत येणारा माणूस थोडक्यात वाचला. नट ढिले राहिले होते, एवढीच चूक!

महिन्यातून एकदा स्टेपनीची हवाही पाहा. रात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेताना सारी भिस्त तिच्यावरच असते.