गाडी कुणाची, प्लग कुणाचा?

आमची इमारत माहीमला, लेडी जमशेटजी रस्त्याच्या आतल्या गल्लीत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि आवारात जेमतेम नऊ मोटारी उभ्या राहतील एवढी जागा. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदानं अर्ज दिला. विजेवर चालणारी मोटार घ्यायची आहे, पार्किंगच्या जागी माझ्याच मीटरवरून एक प्लग बसवू द्यावा, अशी विनंती होती. मी ‘पुढील सभेत पाहू’ असा शेरा मारला आणि अर्ज फायलीला लावला. पुढची सभा झाली चार महिन्यांनी. तोवर त्यानं पेट्रोलची गाडी घेऊन टाकली होती. पेढे द्यायला आला तेव्हा अर्जाबद्दल चकार शब्द काढला नाही; मला मात्र तो पेढा गोड लागला नाही.

मग मी या विषयाची थोडी माहिती काढायला लागलो. कंपन्यांची स्पर्धा आपण जाहिरातींत पाहतो. कुणाची गाडी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, कुणाचं छत काचेचं आहे. गिऱ्हाईक अडतं ते मात्र वेगळ्याच प्रश्नावर : ही गाडी चार्ज करायची कुठे?

आपल्या मुंबईनं हा प्रश्न एकदा सोडवला होता. १९०५ साली इथे एक कंपनी निघाली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. आजच्या ‘बेस्ट’ची ही पूर्वज. ७ मे १९०७ रोजी तिची विजेवरची पहिली ट्राम धावली. गाडी तिची, वीज तिची आणि डोक्यावरची तारही तिचीच! ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, दादर टी.टी.च्या नावात तेवढी उरली. आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी वीज देते ती बेस्टच. खाडी ओलांडून वांद्र्याला गेलात की कंपनी बदलते.

गाडी आणि वीज एकाच घरात ठेवण्याची ही युक्ती शंभर वर्षांनी अमेरिकेत टेस्लानं वापरली. २०१२पासून तिनं हमरस्त्यांवर स्वतःचे वेगवान चार्जर बसवायला घेतले, तेही फक्त स्वतःच्या गाड्यांसाठी. दुसऱ्या कंपन्या गाड्या बनवत राहिल्या, पण चार्जरचं जाळं टेस्लाकडे होतं. अखेर २०२३मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या मोठ्या प्रतिस्पर्ध्यांनी टेस्लाचाच प्लग स्वीकारला.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. २०१७मध्ये सरकारनं ‘भारत’ नावाचे चार्जर ठरवले. त्यातला डीसी चार्जर १५ किलोवॅटचा होता, त्या वेळच्या कमी दाबाच्या बॅटऱ्यांना जुळणारा. जानेवारी २०२०मध्ये टाटांची नेक्सॉन आली ती युरोपात चालणारा ‘सीसीएस-टू’ प्लग घेऊन. म्हणजे आधीचे ते डीसी चार्जर तिच्या उपयोगाचे नव्हते! पुढे बाकीच्यांनीही हाच प्लग घेतला. टाटांकडे आणखी एक बळ होतं. मोटारी बनवणारी कंपनी त्यांची आणि चार्जर बसवणारी टाटा पॉवरही त्याच समूहातली. सुरुवातीची काही वर्षं देशातल्या बहुतेक विजेच्या मोटारी टाटांच्या होत्या, त्यामागे हेही एक कारण असावं. मग सप्टेंबर २०२४मध्ये एमजीची विंडसर आली. तिच्यात बॅटरी विकत न घेता किलोमीटरमागे भाडं देण्याची सोय होती. पाठोपाठ महिंद्रांच्या चाकणच्या कारखान्यातून नव्या गाड्या आल्या आणि २०२५मध्ये टाटांचा वाटा निम्म्याच्या खाली आला. त्याच वर्षी जुलैत टेस्लानं भारतातलं पहिलं दुकान थाटलं, तेही आमच्या खाडीपलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात. पुढच्याच महिन्यात तिथे चार्जिंग स्टेशनही सुरू केलं.

प्लग एक झाला, तरी ॲप एक झालं नाही. गेल्या दिवाळीत भाच्याच्या गाडीतून पुण्याला निघालो होतो. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते. उतारावर त्यातली थोडी परत मिळते, पण पुण्याला जाताना आधी चढच येतो! वाटेत थांबलो. एक चार्जर बंद, दुसऱ्यावर गाडी लागलेली आणि तिसऱ्यासाठी वेगळं ॲप उतरवून त्यात आधी पैसे भरायचे. टोल माफ झाला आहे, ऑगस्ट २०२५पासून द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना तो लागत नाही. आमचा पाऊण तास मात्र गेला.

पण दिवाळीचा प्रवास वर्षातून एकदा. रोजचं काय? घरच्या विजेला एसी म्हणतात आणि बॅटरीला लागते डीसी. हमरस्त्यावरचा मोठा चार्जर हा बदल बाहेरच करतो आणि वीज वेगानं आत सोडतो. घरी तो बदल गाडीतलंच छोटं यंत्र सावकाश करतं. गिझरसाठी असतो तसा पंधरा अँपियरचा प्लग त्याला पुरतो. त्यातून तासाला सुमारे तीन युनिट वीज जाते, म्हणजे दीड टनाचे दोन एसी चालवण्याइतका भार. आता शहरात रोज चाळीस किलोमीटर गाडी फिरली आणि युनिटला सहा किलोमीटर धरले, तर लागतात सात युनिट. दोन-सव्वादोन तासांचं काम. आमच्या नऊही गाड्या विजेच्या झाल्या, तरी त्यांना एकाच वेळी चार्ज करायची गरज नाही. रात्री दहा ते सकाळी सहा पाळी लावली तर तीन गाड्या एका वेळी पुरे. म्हणजे एकदम २७-२८ किलोवॅट नव्हे, नऊ-दहा.

सेक्रेटरी म्हणून मला वाटत होतं की सगळ्या इमारतीचे दिवे जातील! कायद्याची अडचण म्हणावी तर २०१८मध्येच केंद्र सरकारनं स्पष्ट केलं होतं की चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभाही दिली होती. अडलं होतं ते माझ्या फायलीत.

अर्थात, आमच्याकडे निदान आवार आहे. परळ-लालबागच्या चाळींत गाडी उभी करायला फुटपाथची कडा मिळाली तरी नशीब. तिथे तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार कशी? आणि सोडूही नये; पावसाळ्यात माणसाच्या जिवाशी खेळ होईल. या लोकांना हवेत रस्त्याकडेचे, बाजाराजवळचे, पालिकेच्या वाहनतळातले चार्जर, आणि तेही कोणत्याही कंपनीच्या गाडीला चालणारे. मोठ्या कंपन्यांचं लक्ष मात्र मॉल आणि हमरस्त्यांकडे जास्त, हे माझं मत.

मागच्या महिन्यात वायरमनला बोलावून मीटरची खोली दाखवली. मुख्य केबल जुनी आहे, ती बदलावी लागेल असं तो म्हणाला. खर्चाचा अंदाज आला आहे. दुसऱ्या मजल्यावर मी स्वतः जाऊन आलो. तो तरुण म्हणाला, “काका, आता पाच वर्षं तरी गाडी बदलणार नाही.” तळमजल्यावरच्या बाईंचा मात्र नवा अर्ज आला आहे. या खेपेला शेरा मारलेला नाही. विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर पहिला घेतला आहे.