होईल की होऊ शकेल?

इंग्रजीतून विज्ञान वाचताना ‘विल’, ‘मे’, ‘वुड’ या छोट्या शब्दांवरून आपली नजर सहज पुढे सरकते. पण एखाद्या घटनेचा परिणाम किती खात्रीचा, हे तेच सांगत असतात. ‘विल’ म्हणजे होईल, ‘मे’ किंवा ‘कुड’ म्हणजे होऊ शकेल, ‘माइट’मध्ये ही शक्यता बहुधा आणखी कमी, ‘वुड’ म्हणजे समजा अमुक घडले, तर होईल.

ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्राची पातळी सुमारे ७ मीटर वाढेल. इंग्रजीत इथे बहुधा ‘वुड’ येते. भाषांतरात ‘तर’ गळाला, की इशाऱ्याचे भाकीत होते.

उलट चूकही होते. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने अशा शब्दांना आकडेच जोडले आहेत. तिथे ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के शक्यता. तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे, या निष्कर्षाला २००१ मध्ये ‘लाइकली’, २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’, तर २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’, म्हणजे किमान ९५ टक्के, असे म्हटले गेले. माणसामुळे पृथ्वी तापली यात शंकाच नाही, असे २०२१ चा अहवाल सांगतो. या प्रत्येक पायरीला आपण ‘कदाचित’ म्हणत राहिलो, तर वीस वर्षांचे संशोधन वाचकापर्यंत पोचतच नाही.

मराठीत ‘शक्य आहे’, ‘दाट शक्यता आहे’, ‘जवळजवळ नक्की’ असे शब्द आहेतच. वर्गात एकच वाक्य या तिन्ही प्रकारे लिहून पाहू या. छत्री कोणत्या वाक्यानंतर घ्यायची, ते मुलेच सांगतील.