मागं काय ठेवलं?

मंडळी, माणूस गेला की गावात पहिला प्रश्न निघतो, 'मागं काय ठेवलं?' मग जमीन, घर, बैलजोडी यांची मोजदाद होते. आता पंडिता रमाबाईंचा हिशेब पाहा. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. नुसते जेवण नव्हे बरं का! लिहायला-वाचायला शिकवले, विणकाम शिकवले, छापखान्याचे कामही शिकवले.

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रक्ताचा वारस संपला. तरी बाई बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीतच राहिल्या. १९२२ साली त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावच्या त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तिथले मुक्ति मिशन निराधारांना आजही थारा देते.

म्हणून गुरुजी, वारशाचा धडा शिकवताना सात-बाराच्या बाहेरही थोडे पाहा. आपण कुणाला हात दिला, तेही मुलांना मोजायला शिकवा.