एकाच यंत्रावर आजी आणि नात

पनवेलींतील पुष्कळ घरांतून आईबाप सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात व दिवेलागणीनंतर परततात. मग मूल एका कोपऱ्यांत मोबाईल घेऊन आणि बाप दुसऱ्या कोपऱ्यांत, अशी संध्याकाळ सरते. अशा घरांत ‘निन्टेंडो स्विच’ हें जपानी खेळयंत्र आणावें काय, असें आम्हांस हल्लीं विचारण्यांत येतें. म्हणून चार शब्द लिहितों.

हें यंत्र मार्च २०१७ मध्यें निघालें. पडदा ६.२ इंचांचा, प्रवासांत तें हातांत धरून खेळावें, आणि घरीं येऊन खोबणींत बसविलें कीं तोच खेळ, जेथें सोडला तेथून पुढें, दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर चालूं होतो. दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात व एकेक मूठ दोघांच्या हातीं देतां येते. या युक्तीचें आम्हांस फार कौतुक वाटतें. भावंडांच्या निम्म्या तक्रारी तेथेंच मिटतात. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या गाड्यांच्या शर्यतींत, आणखी मुठी घेतल्यास, चौघे एकाच पडद्यावर खेळतात. नवशिक्याची गाडी आपोआप रस्त्यावर राखण्याची सोयही तींत आहे. आमच्या शेजारच्या आजीबाई पांच वर्षांच्या नातीबरोबर ही शर्यत खेळतात. नातीनें आपल्यापुरती ती सोय केव्हांच बंद केली, आजीबाई मात्र ती सोडावयास तयार नाहींत!

ही कंपनी १८८९ सालीं क्योतो येथें हानाफुदा नांवाचे पत्ते बनविण्यासाठीं निघाली, हें कळल्यावर कांहीं वृद्ध मंडळी नाक मुरडतात. ऋग्वेदांतील अक्षसूक्त आम्हींही वाचलें आहे. पण तेथील आक्रोश पणाला लावलेल्या घरादाराचा आहे.

खरी भीति निराळीच. बैठकींत सर्वांचें असलेलें तेंच यंत्र पांघरुणांत शिरलें कीं एकट्याचें होतें. पालकांस आपल्या मोबाईलवरून रोजची मर्यादा घालतां येते, वेळ भरतांच खेळ थांबवितांही येतो. तरी रात्रीं यंत्र खोबणींत परत गेलेंच पाहिजे, हा दंडक घरांतील वडिलांनींच घालावा व पाळून घ्यावा.

२०१९ मध्यें निघालेलें ‘लाईट’ स्वस्त म्हणून घेऊं नये. तें दूरदर्शनला जोडतां येत नाहीं, त्याच्या मुठीही निघत नाहींत. म्हणजे मोबाईलचाच कोपरा पुन्हां आला. त्याच वर्षीं मूळ यंत्राची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिची बॅटरी साडेचार ते नऊ तास पुरते, गणपतीला कोंकणांत जातांना तेवढें पुष्कळ झालें. जून २०२५ मध्यें ‘स्विच २’ आलें असून जुने बहुतेक खेळ त्यावर चालतात. तेव्हां नवें घेतांना जुन्या खेळांचीं कार्डें विकूं नयेत.