नसबंदीचा आकडा आणि गावचा कारभार

आणीबाणीत कुटुंब नियोजनाची सक्ती महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली ती आकड्याच्या रूपाने. दिल्लीने राज्याला, राज्याने जिल्ह्याला आणि जिल्ह्याने तालुक्याला, नगरपालिकेला नसबंदीचे उद्दिष्ट वाटून द्यायचे, अशी ती उतरंड होती. शेवटच्या पायरीवर तलाठी, ग्रामसेवक आणि शाळामास्तर उभे. त्यांनी ‘केसेस’ आणायच्या; न आणल्यास पगार, बढती, बदली यांवर गदा. हुकूम वरून खाली झपाट्याने येत होता. लोकांचे गाऱ्हाणे खालून वर नेणारी वाट मात्र बंद होती, कारण वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात होते.

आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नोंदवलेले आकडे बोलके आहेत. १९७५-७६ मध्ये महाराष्ट्राला सुमारे ३ लाख १८ हजार शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते. झाल्या ६ लाख ११ हजार. पुढच्या वर्षी उद्दिष्ट ५ लाख ६२ हजार आणि शस्त्रक्रिया ८ लाख ३३ हजार. उद्दिष्टाच्या इतके पुढे जाणे हे राज्याचे यश म्हणून मिरवले गेले. खरे तर त्याच आकड्यांनी चौकशीची घंटा वाजायला हवी होती.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत काय घडले, ते या यंत्रणेचा खरा चेहरा दाखवते. जानेवारी १९७६ मध्ये तिथे दहा दिवसांत एक हजार शस्त्रक्रियांची मोहीम ठरली. पहिल्या दोन दिवसांत स्वखुशीने फारसे कोणी पुढे आले नाही. मग पुढचे आठ दिवस पालिकेच्या कचरा वाहणाऱ्या दोन गाड्या शहरातून फिरल्या आणि रस्त्यावरून माणसे उचलून शस्त्रक्रियेला नेली गेली. त्यांत कामासाठी गावाबाहेरून आलेले शेतकरीही सापडले. रस्ते, दिवे आणि सांडपाणी ही जिची नेमून दिलेली कामे, त्या संस्थेची वाहने नागरिकांना धरून नेण्यासाठी वापरली गेली. आणि हे सारे कोणताही कायदा नसताना. केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांचे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले १६ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे बार्शीनंतर तीन महिन्यांनी. या धोरणाने सक्तीच्या कायद्याचा निर्णय राज्यांवर सोडला.

मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या सरकारने तो कायदा करायला घेतला. १९७६ मध्ये विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर बंधन घालणारे विधेयक संमत केले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तीन मुले झालेल्या जोडप्याला शस्त्रक्रिया बंधनकारक, तिन्ही मुलगे किंवा तिन्ही मुली असतील तर आणखी एका अपत्याची मुभा, आणि नकार देणाऱ्याला कैद, असा त्याचा गाभा होता. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

उत्तरेत असंतोष उघडपणे रस्त्यावर आला, तेव्हा स्थानिक प्रशासनाने पोलिसांकरवी उत्तर दिले. उत्तर प्रदेशात सुलतानपूर आणि मुजफ्फरनगर येथे गोळीबार झाले. हरियाणातील उटावड गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पहाटे वेढा पडला आणि पुरुषांना नसबंदीसाठी नेले गेले. ज्यांच्याकडे दाद मागायची तेच अधिकारी उद्दिष्टाला बांधलेले, त्यामुळे वाटाघाटीला जागाच उरली नव्हती.

ही कोंडी मतपेटीने फोडली. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस केंद्रातून गेली. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरमधून मधु दंडवते आणि रत्नागिरीतून बापूसाहेब परुळेकर हे जनता पक्षाचे उमेदवार निवडून आले. १९७६-७७ मध्ये देशात ८१ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या साडेनऊ लाखांच्या आसपास आल्या. नसबंदीशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद शाह आयोगापुढे आली. सक्तीने कार्यक्रमाचाच विश्वास गमावला, आणि त्याची किंमत पुढे बायकांनी मोजली: पुरुष नसबंदी मागे पडून शस्त्रक्रियेचा जवळजवळ सगळा भार स्त्रियांवर आला. वरून लादलेली उद्दिष्टे देशभर रद्द व्हायला १९९६ साल उजाडले.

रत्नागिरी जिल्ह्याला संततिनियमनाचा विचार परका नव्हता. मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांचा सारा भर माहिती देण्यावर आणि स्त्रीच्या इच्छेवर होता. आज या जिल्ह्यात लोकसंख्या वाढीची नव्हे, घटीची नोंद आहे: २००१ मध्ये १६ लाख ९७ हजार, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. कामधंद्यासाठी मुंबईला जाणारी माणसे हे त्याचे मोठे कारण. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया हे प्रमाणही तेच सांगते.

तरीही शास्त्री नदीच्या मुखावरील जयगडसारख्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणाऱ्याला आपल्या अपत्यांची संख्या जाहीर करावी लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असल्यास तो अपात्र ठरतो. हरियाणातील अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली. गावच्या सदस्याला लागू असलेली ही अट आमदार आणि खासदार यांना मात्र लागू नाही.