तरणतलावावरील हवा

थंड देशांत पोहण्याचे तलाव बहुधा इमारतीच्या आंत, छपराखालीं बांधलेले असतात. तेथें पाऊल टाकतांच एक उग्र वास नाकांत शिरतो आणि ‘पाण्यांत क्लोरीन भरपूर आहे, तेव्हां तें स्वच्छच असणार,’ अशी आपण मनाची समजूत घालतों. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे.

क्लोरीन पाण्यांतील रोगजंतूंचा नाश करतो, हें खरें. परंतु पोहणारांच्या घामांतील व मूत्रांतील युरियाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे क्लोरामाइन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांपैकीं ट्रायक्लोरामाइन पाण्यांत फारसें विरघळत नाहीं. तें वायुरूपानें वर येऊन कोंडलेल्या हवेंत सांचत राहतें. तो उग्र वास मुख्यत्वेंकरून त्याचाच. अर्थात् तो स्वच्छतेचा नव्हे, मळाचा पुरावा होय.

घटकाभर पोहून घरीं परतणाऱ्याचे डोळे चुरचुरले, तर तें लवकरच थांबतें. परंतु जीवरक्षक व पोहणें शिकविणारे शिक्षक यांस तीच हवा वर्षानुवर्षें घ्यावी लागते. फ्रान्समधील ३३४ जीवरक्षकांची पाहणी १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. हवेंत हा वायु जितका अधिक, तितकी डोळे, नाक व घसा यांची जळजळ अधिक, असें तींत दिसून आलें. २००२ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं तलावावरील तिघां कामगारांच्या दम्याचें मूळ क्लोरामाइनमध्यें असल्याचें दाखवून दिलें. पुढें २००६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दर घनमीटर हवेंत अर्धा मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचविली.

ही हवा लोखंडासही सोडीत नाहीं. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथें १९८५ च्या मे महिन्यांत तलावावरील काँक्रीटचें छत कोसळून १२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. छत तोलून धरणाऱ्या न गंजणाऱ्या पोलादाच्या सळ्या तेथील हवेंतील क्लोराइडांनीं आंतून पोखरल्या होत्या.

बाहेरची ताजी हवा पुरेशी आंत घेणें हें तलावाच्या चालकांचें कर्तव्य आहे. थंडींत ती तापविण्यास खर्च येतो, म्हणून आंतलीच हवा पुनःपुन्हां फिरविण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. परंतु मूळ उपाय पोहणारांच्याच हातीं आहे. आपल्याकडील बहुतेक तलाव उघडे असले, तरी छपराखालचे तलावही आतां शहरांत आहेत. पाण्यांत उतरण्यापूर्वीं साबण लावून स्नान करावें आणि मुलांस आधीं लघवीस पाठवावें. पांच मिनिटांच्या या शिष्टाचारानें, आपल्या मुलांच्या जिवाची राखण करीत कांठावर उभ्या असलेल्या माणसाचा श्वास सुरक्षित राहतो.