‘विंडोज टाकणे’ : एक शाळा, एक वाचनालय आणि संगणकाची किल्ली

खालापूर तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाचा संगणक काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने ‘फॉरमॅट मारला’. यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटे लागत, पडद्यावर नको त्या खिडक्या उघडत. संगणक मी कोणत्याही वर्गात शिकलेलो नाही. मोडून आणि जोडून जेवढा कळला, तेवढाच. ग्रंथपाल बाईंनी विचारले, “दादा, पुस्तकांची यादी राहील ना?” मी बेफिकिरीने म्हणालो, “यादी डी ड्राइव्हला आहे. तिला काही होत नाही.”

संध्याकाळी यादी उघडली. ती होती, पण वाचता येत नव्हती. पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा चिवडा झाला होता. फाइलीत फॉन्टचे नाव दिसत होते, पण तो फॉन्ट मी सकाळीच पुसला होता. तो ज्या सीडीतून आला ती गहाळ झालेली, आणि यादी टाइप करणारा मुलगा नोकरीसाठी तालुका सोडून गेलेला. पुढच्या पावसाळ्यात ती यादी दाखलपुस्तकावरून पुन्हा टाइप करावी लागली. कोणते पुस्तक कोणी, कोणाच्या स्मरणार्थ दिले, हा रकाना मात्र फक्त संगणकात होता. तो परत आला नाही.

या चुकीने मला जे शिकवले, ते या लेखाचे कारण आहे. ‘विंडोज टाकणे’ हे दोन तासांचे यांत्रिक काम आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात यंत्रात काय राहील, कोणती भाषा बोलली जाईल आणि उद्या बिघाड झाला तर तो कोण दुरुस्त करेल, याचे निर्णय त्या दोन तासांत होतात. बहुतेक वेळा ते आपल्याला न विचारता होतात.

कारभारी आणि रखवालदार

संगणकाचे बटण दाबल्यावर पहिल्यांदा जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक लहानसा कार्यक्रम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय. तो दारावरचा रखवालदार. स्मृती, कळफलक, डिस्क जागेवर आहेत ना, एवढे तो पाहतो आणि कारभाऱ्याला हाक मारतो. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपण तिला कार्यप्रणाली म्हणू. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, कोणाला आत घ्यायचे, हे सारे ती ठरवते.

नवी प्रणाली घालणे म्हणजे रखवालदाराला सांगणे, की आज डिस्कवरच्या जुन्या कारभाऱ्याला हाक मारू नकोस, पेन ड्राइव्हवर नवा आला आहे, त्याला आत घे. तो डिस्कचे भाग पाडतो, हवा तो भाग कोरा करतो, तेथे आपले बिऱ्हाड मांडतो आणि पुढच्या वेळी आपल्यालाच हाक मारली जाईल अशी नोंद करून ठेवतो. सी ड्राइव्ह कोरा झाला की त्यावरचे फॉन्टही जातात, कारण फॉन्ट प्रणालीच्या घरात राहतात. माझी चूक तेथेच झाली. मजकूर डी ड्राइव्हला सुरक्षित होता, पण त्याचा अर्थ सी ड्राइव्हला होता.

खैराटचे लॅपटॉप

या विषयाचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला, हे कर्जतमध्येही फारसे कोणाला आठवत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली आणि ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही संस्था उभी राहिली. २००६ मध्ये भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या योजनेला नकार दिला. त्यानंतर २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा येथील मराठी शाळेत तिचा भारतातला प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत, शिक्षक एक आणि मुले वीस-बावीस.

मी त्या वर्गात नव्हतो. प्रकल्पाच्या नोंदी वाचत गेलो, तेव्हा माझे लक्ष त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रापेक्षा त्यातल्या प्रणालीकडे गेले. त्या लॅपटॉपला एक्सओ म्हणत. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती, १ जीबी साठवण. उन्हातही वाचता येईल असा पडदा. यात विंडोज नव्हती. फेडोरा या लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणि तिच्यावर ‘शुगर’ नावाचे मुलांसाठी रचलेले दर्शनी रूप होते. शुगरमध्ये फाइली आणि फोल्डर पुढे येत नाहीत. मुलाने जे जे केले ते ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत आपोआप नोंदले जाते.

या यंत्रात प्रणाली घालण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पेन ड्राइव्हवर प्रणालीची प्रत घ्यायची, ती लॅपटॉपला जोडायची, पडद्याच्या एका बाजूला असलेल्या खेळाच्या चारही कळा एकदम दाबून धरायच्या आणि यंत्र सुरू करायचे. बाकीचे यंत्र स्वतः करते. दहा वर्षांच्या मुलालाही जमेल इतके हे सोपे आहे. पण त्यात जर्नल पुसली जाते. तिची प्रत शाळेच्या सर्व्हरवर घेतली नसेल तर मुलाचे वर्षभराचे काम जाते. त्यासाठी दुसरी रीतही होती. नवी आवृत्ती घालताना मुलाचे काम जसेच्या तसे ठेवायचे आणि जुनी आवृत्तीही बाजूला जपायची. नवी चालली नाही तर यंत्र सुरू करताना गोल खुणेची कळ दाबून धरली, की जुनी प्रणाली पुन्हा हजर. बदलताना परतीची वाट ठेवावी, हे तत्त्व त्यात मुळातच होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चोरीला आळा बसावा म्हणून एक्सओला कुलूप घालण्याची सोय होती. कुलूपबंद यंत्र संस्थेची डिजिटल सही असलेलीच प्रणाली स्वीकारे. त्यात स्वतःची काही वेगळी प्रणाली घालायची असेल, तर त्या यंत्राचा क्रमांक कळवून संस्थेकडून त्याची किल्ली मागवावी लागे. किल्ली फुकट होती, पण ती मागता येते हे ठाऊक असणारा माणूस गावात लागे.

खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटावरून पाणी खाली आले, वीज खालापूरच्या भूमीत तयार झाली आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. संगणकाच्या बाबतीत आपल्या तालुक्यांची गत पुन्हा तशीच झाली, असे मला वाटते. यंत्र दारात येते, पण ते चालवण्याचे ज्ञान डोक्यावरून निघून जाते. लॅपटॉप देणे ही एक दिवसाची गोष्ट आहे. त्यात तीन वर्षांनी नवी प्रणाली घालणारे हात गावात तयार करणे ही खरी योजना.

शुगरचे काम २००८ पासून ‘शुगर लॅब्ज’ ही स्वयंसेवी संस्था पाहते. पेन ड्राइव्हवरून कोणत्याही साध्या संगणकावर चालणारी तिची आवृत्ती २००९ मध्ये आली. म्हणजे यंत्र थकले तरी प्रणाली उरली, कारण तिची किल्ली सर्वांसाठी खुली होती.

मराठी नेमकी कोठे बसते?

आता वाचनालयाच्या यादीकडे. जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच, फक्त त्याला देवनागरी मुखवटा चढवलेला. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. मुखवटा गेला की चिवडा उरतो.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेतांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. त्याच वर्षी आलेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात ‘क’ म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्टसह देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्ये मात्र एका चौकटीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. ती खूण राहिली तर जोडाक्षरे फुटत. गावोगावी एक्सपी टाकणाऱ्या कितीतरी जणांना ही चौकट ठाऊक नव्हती, आणि ‘कॉम्प्युटरवर मराठी नीट येत नाही’ हा समज तेथून पसरला. दोष भाषेचा नव्हता, न केलेल्या एका खुणेचा होता.

विंडोज १० नंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आता नेहमीसारख्या येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये यांतली त्याआधीची यंत्रे या अटीत बसत नाहीत. ती भंगारात द्यायची की त्यांत उबुंटू किंवा मिंटसारखे लिनक्स घालायचे, हा निर्णय अनेकांपुढे आहे. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे आणि ती विनामूल्य आहे.

हे काम करणाऱ्यासाठी माझ्या चुकीतून आलेला क्रम देतो. आधी सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. सी ड्राइव्हवरचे फॉन्ट, जुन्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी आणि कुलूप-चकती शोधून ठेवा. जुना फॉन्ट जिवंत असतानाच महत्त्वाचा मजकूर यूनिकोडमध्ये बदला आणि मूळ छापील पानाशी ताडून पाहा. प्रणाली फक्त तिच्या अधिकृत स्थळावरून घ्या. लिनक्स असेल तर आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून छपाईयंत्र, वायफाय, आवाज तपासा, डिस्कला तोवर हात लावू नका. ‘डिस्क पुसायची का?’ या प्रश्नावर थांबा आणि ती कोणती डिस्क आहे हे मोठ्याने वाचा. आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, मोठ्या संगणकाला यूपीएस लावा.

प्रणाली बसल्यावर भाषेत मराठी आणि कळफलकात इन्स्क्रिप्ट जोडा. मग ‘कर्जतच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या’ असे एक वाक्य टाइप करा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे उमटले, तर मराठी नीट बसली असे समजा. पहिल्या शब्दातला ऱ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबल्यावर येतो. शेवटी काय केले, कोणत्या तारखेला केले, पासवर्ड कोणाकडे आहे, हे कागदावर लिहून त्याच टेबलाच्या खणात ठेवा. पुढचा माणूस तुम्हीच असाल असे नाही.

त्या वाचनालयाच्या संगणकात गेल्या वर्षी लिनक्स घातले. या वेळी माझ्या हाताने नाही. ग्रंथपाल बाईंची अकरावीतली मुलगी खुर्चीवर होती, मी शेजारी स्टुलावर. ‘डिस्क पुसायची का?’ आले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही. आधी उठून बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, यादी उघडली, शेवटच्या नोंदीपर्यंत गेली, आणि मग परत येऊन बटण दाबले. देणगीदारांचा रकाना आता पुन्हा भरतो आहे. जुन्या वाचकांना विचारून, आठवेल तसा.